हॅमस्टर : नाव ठेवलं की नावं ठेवली?

हॅमस्टर घरात आला की चाक, भुसा, दाणे, पाण्याची बाटली यांची यादी होते. शब्दांची यादी कोणी करत नाही. मग ‘तो की ती’, ‘मराठीत काय म्हणायचं’, ‘हा उंदीरच ना शेवटी’ असे प्रश्न एकामागून एक निघतात. आम्हाला वरचेवर विचारले गेलेले प्रश्न इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. प्राण्याच्या निगेबद्दल यात फारसं नाही. हे पान त्याच्या नावाबद्दल आहे.

हॅमस्टर म्हणजे नक्की काय?

गुबगुबीत अंगाचा, अगदी आखूड शेपटीचा, कुरतडणारा छोटा प्राणी. मूळ घर युरोप आणि आशियातल्या कोरड्या, गवताळ मुलखात. बीळ करून राहतो, दिवसा झोपतो, रात्री हिंडतो. सापडतील ते दाणे गालांतल्या पिशव्यांत कोंबतो आणि बिळात नेऊन रिकामे करतो. या पिशव्या पार खांद्यांपर्यंत मागे गेलेल्या असतात, त्यामुळे भरल्यावर डोकं धडापेक्षा रुंद दिसायला लागतं. ही एवढी एक सवय लक्षात ठेवा. पुढची निम्मी उत्तरं तिच्यातूनच निघतात.

मराठीत हॅमस्टरला काय म्हणतात?

हॅमस्टर.

उत्तर तोकडं वाटेल, पण खरं तेच आहे. हा प्राणी मराठी मुलखाच्या रानात कधी नव्हता, म्हणून त्याला जुनं देशी नाव नाही. घूस, खार, साळिंदर ही नावं आपल्याकडे आहेत कारण ते प्राणी आपल्या अंगणात, झाडावर, डोंगरात होते. हॅमस्टर आला तो पिंजऱ्यातून, आपलं नाव सोबत घेऊन. यंत्राने केलेल्या भाषांतरात त्याचा कधी ‘उंदीर’ होतो, कधी ‘मोठा उंदीर’. दोन्ही चूक. बोटभर लांबीच्या रोबोरोव्हस्की हॅमस्टरला ‘मोठा उंदीर’ म्हणणं तर फारच झालं.

‘धान्यमूषक’, ‘गालपिशवी उंदीर’ असे शब्द हौसेने पाडता येतात. आम्हीही एकदा पाडून पाहिले. घरातल्या लहान मुलाने ‘धान्यमूषकाला दाणे घातलेस का?’ असं सहज विचारेपर्यंत त्या शब्दाला जीव नाही, आणि ते काही होणार नाही. टेबल, पेन्सिल, डॉक्टर पचवलेल्या भाषेला हॅमस्टर जड जाऊ नये.

पण उंदीर म्हटलं तर बिघडलं कुठे?

बोलताना काही बिघडत नाही. ‘उंदरासारखा’ म्हणा, सगळ्यांना समजतं. मात्र नातं तपासायला गेलात तर गंमत आहे.

घरातला उंदीर आणि हॅमस्टर एकाच गणातले, पण वेगवेगळ्या कुळांतले. हॅमस्टरचे जवळचे भाऊबंद म्हणजे लेमिंग आणि व्होल हे उंदरासारखे दिसणारे परदेशी प्राणी. त्याच्या शेजारच्या पिंजऱ्यात ठेवतात तो जर्बिल मात्र उंदरांच्याच कुळातला. म्हणजे ‘हा उंदीर नाही, जर्बिल आहे’ असं ठासून सांगणाऱ्याची बाजू हॅमस्टरवाल्यापेक्षा लंगडी. दोघांत फरक ओळखायचा तर शेपटी बघा. जर्बिलची लांब, टोकाला केसांचा झुपका असलेली. हॅमस्टरची शोधावी लागते.

या सगळ्या गणाला मराठीत ‘कृंतक’ म्हणतात. संस्कृतातल्या ‘कापणे’ या अर्थाच्या धातूवरून तो शब्द आला. इंग्रजीतला ‘रोडन्ट’ लॅटिनमधल्या ‘कुरतडणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आला. दोन्हीकडे लक्ष गेलं ते दातांकडेच, कारण या सगळ्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात आणि कुरतडून झिजवावे लागतात. ससा आणि चिचुंद्री मात्र दिसायला कितीही जवळचे वाटले तरी कृंतक नाहीत.

हा शब्द आला कुठून?

आपल्यापर्यंत इंग्रजीतून, इंग्रजीत जर्मनमधून. इंग्रजीत तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शिरला. जुन्या जर्मनमध्ये ‘हामुस्ट्रो’ असं रूप होतं. त्याच्याही मागे गेलं की आपण स्लाव्ह भाषांच्या प्रदेशात पोचतो. रशियन भाषेत आजही या प्राण्याला ‘खोम्याक’ म्हणतात आणि पोलिशमध्ये ‘खोमिक’. जर्मनांनी शब्द पूर्वेकडच्या शेजाऱ्यांकडून घेतला हे साधारण सगळ्यांना मान्य आहे.

त्याच्या मागे काय, यावर अभ्यासकांची दोन मतं आहेत. एक मत असं की स्लाव्ह भाषेतलं या प्राण्याचं नाव आणि लिथुआनियनमधलं अशाच एका बिळातल्या प्राण्याचं नाव यांचं हे कडबोळं आहे. दुसरं मत जास्त रंजक. ते हा शब्द प्राचीन इराणी भाषेकडे नेतं. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथात ‘हमएस्तर’ असा एक शब्द आहे, अर्थ साधारण ‘जमिनीवर लोळवणारा शत्रू’. हॅमस्टर धान्याची ताटं खाली वाकवून कणसातले दाणे काढून घेतो, म्हणून उभं पीक लोळवणारा तो वैरी. हे मत खरं असेल तर मुठीएवढ्या प्राण्याला एखाद्या सेनापतीला शोभेल असं नाव मिळालंय. नाव देणारा अर्थातच शेतकरी असणार.

‘हॅम’ म्हणजे डुकराचं मांस. त्याचा इथे काही संबंध?

काही नाही. इंग्रजी कानाला तसं वाटतं, एवढंच.

इतर भाषांत याला काय म्हणतात? त्या नावांना अर्थ आहे का?

आहे, आणि या पानावरचा आमचा सगळ्यात आवडता प्रश्न हाच.

चिनी भाषेत ‘त्सांगशू’, म्हणजे कोठारातला उंदीर. हिब्रूत ‘ओगेर’, म्हणजे साठवून ठेवणारा. सिरियातल्या अरबी बोलीत त्याला खोगिराच्या पिशव्यांवरून नाव पडलं: घोड्याच्या किंवा उंटाच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या थैल्या, तशा याच्या गालांना दोन. जपानीत आज सर्रास ‘हामुसुता’ असा उसना शब्द वापरतात, पण प्राणिशास्त्रातलं जपानी नाव ‘किनुगे-नेझुमी’ म्हणजे रेशमी केसांचा उंदीर. एवढ्या सगळ्यांत कोणी त्याला हात लावून बघितल्यासारखं वाटतं ते फक्त जपान्यांनी!

बाकीच्यांनी त्याला नाव ठेवताना नावंच ठेवलीत. वैरी, साठेबाज, कोठारात घुसणारा. आपला ‘मूषक’ तरी कुठे सुटलाय? संस्कृतात ‘मुष्’ म्हणजे चोरणे, आणि मूषक म्हणजे चोरटा, अशी फोड जुन्या काळापासून सांगितली जाते. प्राणी आपल्या बिळात काय करतो याच्याशी माणसाला फारसं देणंघेणं नव्हतं. आपल्या कणगीतलं किती गेलं, याचा हिशेब तेवढा चोख होता, आणि त्या हिशेबातून नावं पडली.

मराठीच्या पदरातही एक शब्द आहे, फक्त तो आपण हॅमस्टरला कधी लावला नाही. ‘तोबरा’. घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी ती तोबरा, आणि गाल फुगेपर्यंत घास कोंबला की ‘तोंडात तोबरा भरला’ असं आपण म्हणतो. अरबी बोलीतल्या थैल्या आणि मराठीतला तोबरा हे दोन्ही घोड्याच्याच सामानातले. एका भाषेने त्यावरून प्राण्याचं नाव केलं, दुसरीने घाईघाईने जेवणाऱ्या माणसाला टोमणा मारला.

जर्मनमध्ये ‘हॅमस्टर’ हे क्रियापदही आहे म्हणे?

हो. ‘हाम्स्टर्न’ म्हणजे साठा करणे. डचमध्ये ‘हाम्स्टरेन’, स्वीडिशमध्येही तसंच रूप. या भाषांमध्ये हॅमस्टर नुसता पिंजऱ्यात राहत नाही, बाजारातही जातो.

पहिल्या महायुद्धात आणि दुसऱ्यानंतरच्या टंचाईत जर्मन शहरांतली माणसं आगगाड्यांना लोंबकळत खेड्यांकडे जायची. घरातले गालिचे, घड्याळं, चांदीचे चमचे शेतकऱ्याला द्यायचे आणि बटाटे, अंडी, पीठ घेऊन यायचं. या फेऱ्यांना ‘हाम्स्टरफार्टन’ म्हणत, म्हणजे ‘हॅमस्टर-फेऱ्या’. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदीच्या भीतीने दुकानं रिकामी झाली तेव्हा ‘हाम्स्टरकाउफ’, म्हणजे हॅमस्टर-खरेदी, हा शब्द पुन्हा वर आला. त्याच सुमारास नेदरलँड्समध्ये सरकारी पत्रकार परिषदेत सांकेतिक भाषेतून सांगणाऱ्या दुभाषी बाईंनी ‘साठा करू नका’ हे सांगताना दोन्ही हातांनी काहीतरी ओरबाडून जवळ ओढल्याची जी खूण केली, ती जगभर पाहिली गेली. शब्द कळायला डच यायची गरज पडली नाही.

मराठीत याला काय म्हणाल? इथे आपली भाषा जर्मनपेक्षा बारकाईने बोलते. पुढच्या दिवसांसाठी घरात भरून ठेवणं ही ‘बेगमी’. ती करणारा शहाणा. दुसऱ्याला मिळू नये किंवा भाव चढावेत म्हणून दडवून ठेवणं ही ‘साठेबाजी’. ती करणारा गुन्हेगार. माल तोच, पोतंही तेच, हेतू बदलला की शब्द बदलतो. जर्मन हॅमस्टरच्या गळ्यात मात्र दोन्ही अर्थ एकत्र अडकवलेत, आणि बोलणाऱ्याच्या सुरावरून कोणता ते ओळखायचं.

खऱ्या हॅमस्टरचं विचाराल तर तो बेगमीवाला. थंडीत शेतात काही नसतं, तेवढ्यासाठी तो साठवतो.

ज्या प्राण्यावरून हे सगळे शब्द आले तो आपण पाळतो तोच का?

नाही. जर्मन शेतकऱ्याचं धान्य नेणारा तो युरोपीय हॅमस्टर: पाव ते अर्धा किलो वजनाचा, पोटाखाली काळाभोर, चिडला तर मागच्या पायांवर उभा राहून अंगावर येणारा. तो बिळात कित्येक किलो धान्य साठवतो. पिढ्यान्‌पिढ्या तो पिकावरची कीड म्हणून मारला गेला, कातड्यासाठीही पकडला गेला. २०२०मध्ये तो ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून नोंदला गेला. त्याआधी २०११मध्ये आल्सास भागातल्या हॅमस्टरांना वाचवायला पुरेसं केलं नाही म्हणून युरोपीय न्यायालयाने फ्रान्सविरुद्ध निकाल दिला होता. शब्द घराघरांत पोचला आणि ज्याचा शब्द तो शेतातून नाहीसा होत चालला.

सिरियन, गोल्डन, टेडी बेअर, रोबो, रशियन… हे सगळे वेगळे प्राणी आहेत का?

काही वेगळे, काही फक्त विक्रीची नावं.

सिरियन आणि गोल्डन एकच. टेडी बेअर म्हणजे लांब केसांचा सिरियनच. ‘ब्लॅक बेअर’, ‘पांडा’ ही रंगावरून पाडलेली नावं. १८३९मध्ये लंडनच्या जॉर्ज वॉटरहाउस यांनी या प्राण्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं आणि नावात ‘ऑरॅटस’ म्हणजे सोनेरी असा शब्द ठेवला, त्यावरून ‘गोल्डन’. सिरियन नावामागची गोष्ट पुढची आहे. काळा आजार या रोगावर जेरुसलेममध्ये सॉल ॲडलर संशोधन करत होते. त्यांना चीनमधून आणलेले हॅमस्टर लागत आणि ते पुरे पडत नसत. म्हणून प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी १९३०मध्ये सिरियातल्या अलेप्पोजवळ गेले आणि गव्हाच्या शेतात खोल खणून एक मादी आणि तिची ११ पिल्लं त्यांनी बाहेर काढली. काही मेली, काही पळाली. जी उरली त्यांच्यापासून प्रयोगशाळांतल्या आणि घरांतल्या जवळजवळ सगळ्या सिरियन हॅमस्टरांचा वंश चालला. तेव्हा ‘माझा टेडी बेअर, तुझा गोल्डन’ अशी चुरस लागली तर सांगा, दोघं एकाच बिळातले आहेत.

बाकीची पाळली जाणारी मंडळी आकाराने लहान. कॅम्पबेल आणि ‘विंटर व्हाइट’ यांना बाजारात दोघांनाही ‘रशियन’ म्हणून खपवतात, आणि पिंजऱ्यात पुष्कळदा दोघांचा संकर असतो. विंटर व्हाइटचं नाव चपखल आहे, थंडीत दिवस लहान झाले की त्याची लोकर पांढरी होते. चायनीजची शेपटी इतरांपेक्षा जरा दिसते. आणि ‘रोबो’चा यंत्रमानवाशी संबंध नाही. रोबोरोव्हस्की नावाच्या रशियन प्रवाशावरून पडलेलं ते नाव आहे. तो धावतो मात्र चावी दिल्यासारखा, त्यामुळे गैरसमज टिकून आहे.

‘हॅमस्टर’, ‘हॅम्स्टर’, ‘हेमस्टर’, ‘हॅम्पस्टर’. बरोबर कोणतं?

‘हॅमस्टर’ किंवा ‘हॅम्स्टर’. पहिलं वाचायला सोपं, म्हणून आम्ही तेच लिहितो. ‘हेमस्टर’ नको, मराठीकडे ॅ हे चिन्ह असताना मात्रेवर भागवण्याचं कारण नाही. ‘हॅम्पस्टर’मधला प हा जिभेचा आळस आहे. म वरून स वर जाताना ओठ उघडतात आणि मध्ये प फुटतो. इंग्रजी बोलणारेही हीच चूक करतात आणि तशीच लिहितातही.

तो हॅमस्टर, ती हॅमस्टर की ते हॅमस्टर?

बहुतेक लोक ‘तो’ म्हणतात, कारण मनात कुठेतरी ‘तो उंदीर’, ‘तो ससा’ असतो. ‘ते हॅमस्टर’ही घरोघर ऐकू येतं. नर की मादी ठाऊक नसलेल्या किंवा लाडाच्या लहान जिवाला मराठी सहज नपुंसकलिंगात घेते: ते मांजर, ते पिल्लू, ते कोकरू. दोन्ही चालतील. एका वाक्यात ‘तो’ आणि पुढच्या वाक्यात ‘ते’ असं मात्र करू नका.

अनेकवचन हॅमस्टरच. एक उंदीर, दोन उंदीर. एक हॅमस्टर, दोन हॅमस्टर. बोलताना ‘हॅमस्टर्स’ येतं, पण त्यात मराठीला इंग्रजीची शेपूट जोडली जाते, आणि शेपूट या प्राण्याला शोभत नाही.

विभक्ती लावताना ‘उंदीर’चं ‘उंदराला’ होतं तसं इथे काही मोडत नाही. हॅमस्टरला, हॅमस्टरचा, हॅमस्टरने. डॉक्टरला, डॉक्टरचा यांच्यासारखंच. अनेकवचनात हॅमस्टरांना, हॅमस्टरांचे.

‘हॅमस्टरने रात्रभर चाक फिरवलं, कोणाला झोप नाही.’
‘हॅमस्टरच्या गालात अजून कालचा दाणा आहे.’
‘दोन्ही हॅमस्टरांना वेगवेगळे पिंजरे लागतील.’

शेवटचं वाक्य व्याकरणाच्या उदाहरणापेक्षा जास्त आहे. सिरियन हॅमस्टर वयात आला की त्याला जोडीदार खपत नाही, जीव जाईपर्यंत मारामारी होते. सिरियनचं अनेकवचन वहीत करावं, एका पिंजऱ्यात करू नये.

मादीला काय म्हणायचं?

‘मादी हॅमस्टर’ किंवा सरळ ‘ती’. मास्तरची मास्तरीण, डॉक्टरची डॉक्टरीण, त्या चालीवर ‘हॅमस्टरीण’ म्हणणारे आम्हाला भेटलेत. शब्दकोशात जाणार नाही, पण कानाला गोड आहे.

पिल्लं झाली की ‘मादी व्यायली’. ‘बाळंत झाली’ असं म्हणणारेही आहेत आणि आम्ही त्यांना अडवत नाही. सिरियन मादी अवघ्या १६ दिवसांत विते. म्हणून पुष्कळांना पहिली बातमी कळते तीच ‘अहो, आत काहीतरी गुलाबी हलतंय’ या वाक्याने.

गिनी पिग आणि हॅमस्टर एकच का?

नाही. लोक अगदी बिनधास्त अदलाबदल करतात, म्हणून एक सोपी खूण. हॅमस्टरची पिल्लं उघडीबोडकी, डोळे मिटलेली जन्मतात. गिनी पिगची मादी दोन महिन्यांच्या वर गाभण राहते आणि तिची पिल्लं केस, दात, उघडे डोळे घेऊन येतात, जन्मल्या दिवशी पळायला लागतात. गिनी पिगला गालपिशव्या नाहीत. आकारही सिरियनच्या कितीतरी पट.

नावाच्या बाबतीत त्याची हालत हॅमस्टरपेक्षा वाईट. तो डुक्कर नाही आणि गिनी देशाचाही नाही. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताकडचा. जर्मनांनी त्याला ‘समुद्रातलं छोटं डुक्कर’ म्हटलं, कारण तो जहाजातून आला. फ्रेंच आणि पोर्तुगीज नावांचा शब्दशः अर्थ ‘भारतातलं डुक्कर’. अमेरिकेला ‘इंडीज’ समजण्याच्या जुन्या घोळाचा हा अवशेष, आपला त्यात काही हात नाही. उलट बाजूने एक फेड मात्र झाली आहे. आपल्या घुशीला इंग्रजीत ‘बँडिकूट’ म्हणतात. तो शब्द तेलुगूतल्या ‘पंदिकोक्कु’वरून गेला, आणि त्याचा अर्थ ‘डुक्करउंदीर’. पुढे इंग्रजांनी ते नाव ऑस्ट्रेलियातल्या भलत्याच प्राण्यालाही चिकटवलं.

‘आम्हाला गिनी पिग केलं’ म्हणतात, तसं ‘हॅमस्टर केलं’ का म्हणत नाहीत?

कारण प्रयोगशाळेत गिनी पिग आधी पोचला. १८८२मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचे जंतू ओळखले तेव्हा ते गिनी पिगांवर प्रयोग करत होते. ज्याच्यावर काहीतरी नवं बेफिकिरीने करून पाहिलं जातं तो गिनी पिग, हा अर्थ विसाव्या शतकात रूढ झाला आणि मराठीतही आला. अभ्यासक्रम दर वर्षी बदलला की पालक हे वाक्य हमखास म्हणतात. हॅमस्टर प्रयोगशाळांत सर्रास दिसू लागला तो १९३०नंतर. तोवर ती जागा भरली होती.

एका औषधाच्या माहितीपत्रकात ‘चायनीज हॅमस्टर ओव्हरी’ असं लिहिलं होतं. औषधात हॅमस्टर असतो?

प्राणी नसतो. १९५०च्या दशकात अमेरिकेत थिओडोर पक यांनी एका चायनीज हॅमस्टर मादीच्या बीजांडकोशातल्या पेशी वेगळ्या काढून वाढवल्या. त्या पेशींचे वंशज आजही मोठमोठ्या टाक्यांत वाढवले जातात आणि त्यांच्याकडून मानवी प्रथिनांसारखी औषधं बनवून घेतली जातात. कर्करोग आणि संधिवातावरची बरीच आधुनिक इंजेक्शनं या वाटेने येतात. गुरांच्या लाळ-खुरकताची लसही हॅमस्टरच्या पिल्लाच्या मूत्रपिंडातून सुरू झालेल्या पेशींमध्ये तयार करतात. ज्याला कोठारातला चोर म्हणून नाव मिळालं त्याची ही दुसरी बाजू कोणत्याही भाषेतल्या नावात उतरलेली नाही.

‘हॅमस्टर व्हील’ या वाक्प्रचाराला मराठीत काय म्हणावं?

इंग्रजी आणि जर्मनमध्ये ‘हॅमस्टरच्या चाकात अडकणे’ म्हणजे राब राब राबून तिथल्या तिथे राहणे. ‘चाकातला हॅमस्टर’ असं शब्दशः भाषांतर हल्ली लेखांत दिसतं. आपल्याकडे ‘घाण्याचा बैल’ आहे ना! दिवसभर चालतो आणि संध्याकाळी सकाळच्याच जागी असतो. कचेरीत पिचलेल्या माणसाला तोच जास्त लागू पडतो, कारण बैलाला कोणीतरी जुंपलेलं असतं.

हॅमस्टरला कोणी जुंपत नाही. तो आपल्या खुशीने धावतो, रात्रीतून काही किलोमीटर. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठातल्या संशोधकांनी मोकळ्यावर चाकं ठेवून पाहिली, तर रानातले उंदीर आपणहून येऊन त्यांत धावून जात, असं त्यांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केलं. बेडूक आणि गोगलगायीही चाकावर सापडल्या. तेव्हा नोकरीला कंटाळलेल्या माणसाने स्वतःला हॅमस्टर म्हणवून घेण्याआधी विचार करावा. हॅमस्टरला त्याचं चाक आवडतं.

एखाद्याला ‘हॅमस्टर’ म्हटलं तर अपमान होतो का?

मराठीत नाही. ‘उंदीर’ म्हटलं तर भित्रा, ‘घूस’ म्हटलं तर पोखरणारा, ‘चिचुंद्री’ म्हटलं तर भांडणच. हॅमस्टर अजून कोरा आहे. गोबऱ्या गालांच्या मुलाला लाडाने म्हणतात, जेवताना तोबरा भरणाऱ्याला चिडवायला म्हणतात, बस. परक्या शब्दाला आपल्या जुन्या रागाचे डाग नसतात, हा त्याचा फायदा.

हॅमस्टर ‘मेला’ म्हणावं की ‘गेला’?

उंदीर मरतो. हॅमस्टर जातो. घरात ज्याला नाव असतं त्याच्यासाठी आपण आपोआप ‘गेला’ म्हणतो, कोणाला शिकवावं लागत नाही. आयुष्य दोन-तीन वर्षांचंच असल्याने हा शब्द लवकर वापरावा लागतो. पण घाई नको. फार गारठा पडला की सिरियन हॅमस्टर अंग गार पडून, श्वास जेमतेम चालू ठेवून निपचित पडतो. तो पुष्कळदा गेलेला नसतो. उबदार जागी हळूहळू ऊब देऊन थांबून पाहावं, आणि प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवावं.

त्याला नाव काय ठेवावं? हाक मारली तर कळते का?

दोन अक्षरी, ठसठशीत नाव बरं. त्याची नजर अधू असते, पण कान आणि नाक तिखट. तुमचा वास आणि आवाज तो ओळखायला लागतो. रोज त्याच सुरात हाक मारून लगेच दाणा दिलात तर त्या आवाजाला काही दिवसांत बाहेरही येतो. ते आपलं नाव आहे हे त्याला कळलं, असं समजायचं की दाण्याचा आवाज आहे असं कळलं, हा प्रश्न आम्ही सोडून दिला आहे. आमच्याकडच्याचं नाव ‘भुंगा’. ‘भुंग्या’ म्हटलं की तो येतो. सूर्यफुलाच्या बियांची पिशवी नुसती कुरकुरली तर दुप्पट वेगाने येतो.